अप्पा, तुझा आवाज माझ्याकडं होता

समस्त नागरिकांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, आपल्या नगरपरिषदेतील माननीय नगराध्यक्षांची खुर्ची रिक्त झालेली असून, सदर खुर्ची फिरती असल्याकारणाने, पंखा सुरू करताच ती हळूहळू वळून दाराकडे तोंड करते. तरी आत येणाऱ्यांनी दचकून तिला नमस्कार करू नये, तिच्यापुढे अर्ज ठेवू नयेत, आणि विशेषतः शिपायांनी तिला चहा विचारू नये. ही खुर्ची भरण्यासाठी लवकरच पोटनिवडणूक घेण्यात येईल. तोपर्यंत पंखा बंद राहील. हुकमावरून.

अप्पा, ही दवंडी मी तहसीलसमोरच्या चहाच्या टपरीवर दिली. तुला मातीत ठेवून आलो त्याच आठवड्यात. माणसं हसली. चहावाला तर भांडं खाली ठेवून हसला. आणि मग एकदम सगळे गप्प झाले, कारण या जागी तू म्हणायचास, "नट्या, गप की आता," आणि ते म्हणायला कुणी नव्हतं. मला कळेना पुढं काय करायचं. इतकी वर्षं मी कुठं थांबायचं ते तूच ठरवत होतास. आता मी बोलत सुटलो की सुटलोच.

लोक तुला नगराध्यक्ष म्हणून आठवतात. मला मात्र तू आठवतोस माझ्या चष्म्याच्या दुकानात, भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्यासमोर उभा राहून भाषण करणारा. पहिल्या निवडणुकीच्या पहिल्या सभेत तू माइकसमोर गेलास, "नमस्कार" म्हणालास आणि खाली बसलास. पितळेचा हंडा वाजवून त्याची जाडी सांगणारा माणूस तू. गिऱ्हाइकाशी तासभर बोलशील, पण समोर शंभर तोंडं दिसली की तुझी वाचा बसायची. दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून माझ्याकडं आलास आणि म्हणालास, "नट्या, लगीन असू दे, सत्कार असू दे, माइक तुझ्याच हातात असतोय. मला शिकव."

मी शिकवलं नाही. मला शिकवता येत नाही, मला नक्कल येते. मी तुझ्यासारखा उभा राहिलो, डावा हात तुझ्यासारखा तळवा वर करून हलवला, जसं काही हातात तांब्या धरून त्याचं वजन बघतोय, आणि तुझ्या आवाजात अख्खं भाषण करून दाखवलं. सुरुवातीला घशातला तो परात सरकवल्यासारखा 'हंऽ'. मग "मंडळी, विषय असाय". आणि मग शेवटचा शब्द असा खाली सोडायचा, की टाळी वाजवायची का उसासा टाकायचा ते ऐकणाऱ्याला कळू नये.

तू खुर्चीत बसून ऐकलंस. म्हणालास, "मी असा बोलतोय व्हय?"

म्हटलं, "असाच बोलतोस."

"चांगलं बोलतोय की मग," म्हणालास, आणि उठून तक्त्यासमोर उभा राहिलास आणि माझी नक्कल सुरू केलीस. मी तुझी करत होतो, तू माझी करत होतास. संध्याकाळपर्यंत आपण दोघं मिळून एक नगराध्यक्ष तयार केला. पुढच्या सभेला तो उभा राहिला आणि निवडून आला.

आपला वाद इथूनच सुरू झाला. तुझं म्हणणं, "मंडळी, विषय असाय" हे तू जन्मात कधी म्हणत नव्हतास, ते मी तुझ्या तोंडात घातलं. माझं म्हणणं, तू शाळेत असल्यापासून ते म्हणतोस, गुरुजींनी गृहपाठ विचारला की तुझं उत्तर तिथूनच सुरू व्हायचं. तू म्हणायचास, "साक्षीदार आण." मी म्हणायचो, "गुरुजी वारले." तू म्हणायचास, "सोयीनं वारले." टपरीवर, तुळजापूरला जाताना गाडीत, कुणाच्या बारशात, हा वाद आपण चालवत राहिलो. त्यात कुणी जिंकावं असं दोघांनाही वाटत नव्हतं. तो संपला असता तर मग बोललो काय असतो?

तुला एक गोष्ट कधी आवडायची नाही, पण तू ती कधी थांबवलीही नाहीस. प्रत्येक स्नेहसंमेलनात, प्रत्येक गणपतीत मी तुझी नक्कल करायचो आणि तू पहिल्या रांगेत बसून पोट धरून हसायचास. एकदा तर मी हद्द केली. पाणीपुरवठ्याच्या माणसाला तुझ्या आवाजात फोन लावला, "हंऽ, विषय असाय, बाजार गल्लीचा व्हॉल्व खोल." पाळी नसताना बाजार गल्लीला पाणी आलं. बायकांनी घागरीच काय, मुलांचे पाळणेसुद्धा धुऊन घेतले. दुसऱ्या दिवशी लोक तुझे आभार मानायला तुझ्या भांड्यांच्या दुकानात. तू शांतपणे सगळ्यांचे आभार घेतलेस, हार घातला तो घेतलास, आणि मग माझ्या दुकानाच्या दारात येऊन म्हणालास, "ह्यापुढं आमच्या गल्लीला बी सोडत जा."

मी लोकांना हा किस्सा सांगतो तेव्हा एक गोष्ट गाळतो. त्यानंतर तू बाकड्यावर बसलास आणि डोळे मिटून म्हणालास, "रोज नुसत्या फोनानं पाणी येत असतं तर मीच केला असता, नट्या." मी त्यावर काहीतरी विनोद केला. कुठला ते आठवत नाही. आठवत नाही हेच बरं.

आपली शेवटची भेट तुला आठवत असेल का? तू दुकानाच्या पायरीवर होतास, मी स्कूटरवर. तू म्हणालास, "एकदा घरी ये निवांत. जेवायलाच ये." मी म्हणालो, "माइक आणू का?" तू हसलास. म्हणालास, "नको, नुसताच ये." मी स्कूटर पुढं घेतली. तुझ्या घरी मी तशा कितीतरी वेळा आलोय, पण बाहेरच्या खोलीत. तिथं चार माणसं असायची, वहिनी दुकानात असायच्या, चहा टपरीवरून यायचा, तू "मंडळी, विषय असाय" करायचास, मी तुझी गंमत करायचो, आणि उठून यायचो. नुसता मी कधी आलोच नाही.

तुला बसवलं तेव्हा मी तिथंच होतो. तुमच्या लिंगायत रीतीप्रमाणं, मांडी घालून, कपाळाला विभूती, अंगावर बेलाची पानं. तू सभेला बसायचास तसाच बसला होतास, जरा डावीकडं कलून. मला वाटलं आता हा घसा खाकरणार. श्रद्धांजली सभेचं सूत्रसंचालनही माझ्याकडंच आलं, दुसरं कुणाकडं जाणार? मी माइक घेतला आणि पहिला शब्द तुझ्याच आवाजात घशापर्यंत आला. मी तो गिळला. लोकांना वाटलं रडू आवरलं.

मग आचारसंहिता लागली. अप्पा, हे तुला बघायला हवं होतं. नगरपरिषदेची माणसं खाकी कागद आणि खळीचा डबा घेऊन गावभर फिरली आणि तुझं नाव जिथं जिथं असेल तिथं झाकत सुटली. पाण्याच्या टाकीवरची कोनशिला, बागेतली बाकडी, मुतारीवरची पाटीसुद्धा. मी त्यातल्या एकाला अडवलं. म्हटलं, "बाबा, ज्याचं नाव झाकतोस तो उमेदवार नाही. त्याच्या जाण्यामुळंच तर निवडणूक लागलीये." तो म्हणाला, "साहेबांनी सांगितलंय, नाव म्हणजे नाव. तिकडं रुद्रभूमीच्या कमानीवर पण हाय की, ते पण झाकून आलोय." मी तिथं जाऊन बघितलं. तुझ्याच कारकिर्दीत बांधलेली कमान, त्यावर खाकी कागद, आणि कमानीच्या आत तू. गेल्यावरही तुझा प्रचार बंद करायची वेळ आली, इतका तू भारी. मी एकटाच हसलो तिथं उभा राहून. मग हसू जमेना.

निकाल आधी सांगून टाकतो, कारण तू पेपर मागच्या पानापासून वाचायचास. तुझ्या जागी वहिनी निवडून आल्या. त्यांच्याविरुद्ध उभे राहिलेले डॉक्टर पडले, पडले तरी हार घेऊन दुकानात आले, वहिनींना नमस्कार करून गेले. वहिनींचा प्रचार कसा झाला म्हणशील, तर गल्लीगल्लीत जाऊन त्या एकच बोलल्या: "मला भाषण येत न्हाय. पाणी कवा येतं, किती येतं, ते मला ठाऊक हाय, कारण ते मी भरते." एवढंच. मध्येच कन्नड यायचं, सीमेवरच्या बायका त्यावर खूश व्हायच्या. प्रचाराच्या रिक्षा फिरल्या, पण त्यांवर तुझा आवाज नव्हता. तो असणार होता. तेच सांगायला बसलोय.

शेषेराव तुला माहीतच आहे, तुझ्या दोन्ही निवडणुकांचा सूत्रधार, अजून तोच पांढरा शर्ट, तेच खिशातलं पाकीट. वहिनींना उभं करायचं हे त्यानंच ठरवलं. वहिनी आधी नको म्हणाल्या, मग म्हणाल्या, "राहते. पण हार घातलेला फोटू धरून दारोदार फिरणार न्हाय." शेषेरावचं तोंड उतरलं. मग तो माझ्याकडं आला.

"नट्या," तो म्हणाला, "तू त्याचा आवाज काढतोस ते रेकॉर्ड करू. रिक्षावर लावू."

"त्याची स्वतःची भाषणं आहेत की मोबाइलवर," मी म्हटलं.

"त्यात वारा जास्त हाय, टाळ्या जास्त हायत. आणि त्यानं बायकोला मतं द्या असं कुठं म्हणलंय? नवं वाक्य पायजे. 'मी गेलो, पण ही हाय.' असलं काहीतरी."

"गेलेल्या माणसाला नवं वाक्य बोलायला लावायचं?"

"तू लावणार न्हाईस तर कोण लावणार? आवाज तुझ्याकडंच हाय." आणि मग तो हळू बोलला, कारण शेषेराव खरं बोलतो तेव्हा हळू बोलतो. "लोकांला रडू आलं पायजे बघ. रडणारं बोट बरोबर बटणावर जातंय."

मी त्याला हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. अप्पा, तुला राग येईल, पण मतांचा विचार माझ्या डोक्यात दुसरा होता. पहिला विचार होता, की मला तुझ्या आवाजात बोलायला मिळेल. तू गेल्यापासून मी तो एकदाही काढला नव्हता. न्हाणीघरातसुद्धा नाही. मला भीती वाटत होती की काढायला जावं आणि तो आलाच नाही तर? आणि आला तर? तू सगळाच गेलास, तरी एवढं एक माझ्या घशात राहिलं होतं. मी रोज गुळण्या करताना त्याला जपत होतो.

शेषेरावला मी म्हटलं, वहिनी हो म्हणाल्या तर करतो. आधी पहिल्या सभेत, लोकांसमोर, मग रेकॉर्डिंगचं बघू. आणि मी तुझ्या दुकानात गेलो.

वहिनी गल्ल्यावर बसल्या होत्या, तुझ्या जागेवर. तू सभांना जायचास तेव्हाही तिथं त्याच बसलेल्या असायच्या, कारण दुकान बंद ठेवायचं तुला पटायचं नाही. मला त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं की तुझी एकही सभा त्यांनी ऐकलेली नाही. गाव तुला ऐकत होतं तेव्हा त्या कळशी विकत होत्या.

मी सगळं सांगितलं. शेषेरावचं, रिक्षाचं, नव्या वाक्याचं. त्या एक तांब्या पुसत होत्या, तो पुसत राहिल्या.

"भावजी, तुमी ह्यांचा आवाज काढताव म्हणं."

"काढतो, वहिनी."

"हुबेहूब?"

"लोक तसं म्हणतात. अप्पा पण म्हणायचा."

त्यांनी तांब्या खाली ठेवला. "मग काढा. मतं पडू द्या, न्हाय पडू द्या. मला ऐकायचाय."

मी म्हटलं, "आत्ता काढू?"

त्यांनी दाराकडं बघितलं. एक गिऱ्हाईक चमचे निवडत होतं. "आत्ता नको," त्या म्हणाल्या. "सभेत काढा. तवर मी जरा मनाची तयारी करते. सकाळी उठलं की आधी तेच वाटतंय बगा, आता हाक मारतील. घरात सगळं हाय त्यांचं. चपला हायत, चष्मा हाय तुमीच दिल्याला. आवाज तेवढा न्हाय."

अप्पा, मी तुला खरं सांगतो, दुकानातून निघताना मी आनंदात होतो. तू जाऊन महिना-दोन महिने झालेले आणि मी आनंदात. मला वाटलं, इतकी वर्षं मी लोकांना हसवायला तुझी नक्कल केली, ती सगळी या एका दिवसासाठीची तालीम होती. मी त्या बाईला तिचा नवरा घटकाभर परत देणार होतो. रेकॉर्डिंग, रिक्षा, शेषेराव गेले खड्ड्यात. मी तीन दिवस सुपारी खाल्ली नाही. आरशासमोर उभा राहून ओठ हलवत होतो, आवाज न काढता, म्हणजे तो वापरला जाऊ नये.

सभा बाजार चौकात, ऊन उतरताना. तू ज्या ओट्यावर उभा राहायचास तोच ओटा. वहिनी प्लास्टिकच्या खुर्चीवर, त्यांच्यासमोर टेबलावर एक माइक, माझ्यासमोर उभा दुसरा. पेरूवाला, भाजीवाल्या बायका, तुझ्या गल्लीतली सगळी, आणि पलीकडच्या ओट्यावर डॉक्टरांची दोन-तीन माणसं कान देऊन. शेषेरावनं मला खूण केली. मी डोळे मिटले आणि तुझ्यासारखा डावीकडं कललो. हात वर केला, तळव्यात वजन घेतलं.

हंऽ.

अप्पा, तू आलास. मला खात्री होती तशीच. परात सरकली आणि चौक गप्प झाला. पेरूवाल्यानं तराजू हवेतच धरून ठेवला. "मंडळी," मी म्हणालो, आणि मागं कुणीतरी बाई 'अगं माय' म्हणाली. "मंडळी, विषय असाय." एका म्हाताऱ्यानं टोपी काढली. शेषेराव, ज्यानं हे सगळं घडवून आणलं, तो स्वतःच तोंड फिरवून खिशात रुमाल शोधायला लागला. बायकांचे पदर डोळ्यांना गेले. डॉक्टरांची माणसंसुद्धा खाली बघत होती. मी नवं वाक्य बोललो नाही. मला ते बोलवेना. मी तुझंच जुनं बोललो, तक्त्यासमोर बसवलेलं, नळाचं आणि गल्ल्यांचं. शेवटचा शब्द तुझ्यासारखा खाली सोडला आणि कुणी टाळी वाजवली नाही. इतकं खरं झालं होतं ते. मनात म्हटलं, अप्पा, आता तरी मान्य कर, हा तुझाच आवाज आहे, माझा नाही. वाद मी जिंकला.

आणि मी वहिनींकडं बघितलं.

त्या खुर्चीत पुढं झुकून बसल्या होत्या, डोळे मिटून, मान जरा तिरकी, जसं आतल्या खोलीतून कुणाची हाक येणार आहे आणि ती चुकायला नको. चौकातलं प्रत्येक माणूस रडत होतं, त्या एकट्या रडत नव्हत्या. त्या अजून वाट बघत होत्या. मग त्यांनी डोळे उघडले. माझ्या मागं बघितलं, ओट्याच्या पायऱ्यांकडं बघितलं, आणि मग माझ्याकडं. त्यांच्या तोंडावर राग नव्हता. गर्दीत आपल्या माणसाला शोधताना भलत्याच माणसाच्या खांद्यावर हात पडला, की होतो तसा चेहरा झाला होता. टेबलावरचा माइक चालू होता हे त्यांच्या ध्यानातच नव्हतं, त्यामुळं चौकातल्या शेवटच्या माणसापर्यंत ते ऐकू गेलं.

"भावजी," त्या म्हणाल्या, "ह्यो कुणाचा आवाज काढायलाव?"